शासकीय निधी, बचत गट आणि आपल्या वस्त्यांतील रोजगार

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित नावाच्या राजाची कथा येते. राजाकडे धनधान्य भरपूर होते आणि त्याला एक मोठा यज्ञ करावयाचा होता. त्याच्या पुरोहिताने त्याला थांबविले. राज्यात चोऱ्या-दरोडे वाढले असताना यज्ञासाठी आणखी कर बसविणे योग्य नाही, असे त्याने सांगितले. चोरांना मारून, कोंडून किंवा हद्दपार करूनही हा उपद्रव मिटणार नाही, कारण जे उरतील ते पुन्हा त्रास देतील, असेही त्याचे म्हणणे होते. त्याने सुचविलेला उपाय असा : जे शेती करतात, गुरे सांभाळतात त्यांना बियाणे व चारा द्यावा; जे व्यापार करू पाहतात त्यांना भांडवल द्यावे; जे राजाच्या चाकरीत आहेत त्यांना अन्न व वेतन द्यावे. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामाला लागले, राजाचा महसूलही वाढला आणि लोक घराची दारे उघडी ठेवून राहू लागले.

आपल्याकडे हे सुत्त यज्ञातील पशुहत्येविरुद्धचा उपदेश म्हणून सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. परंतु माझ्यासारख्या बँकेत खर्डेघाशी करणाऱ्या माणसाचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जाते. पुरोहित राजाला केवळ दान करावयास सांगत नाही. ज्याचे जसे काम, तसे त्याला साहाय्य, असे तो सांगतो. शेतकऱ्याला भांडवल आणि व्यापाऱ्याला चारा दिला असता तर दोन्ही वाया गेले असते. आजच्या शासकीय योजनांकडे पाहताना हा फरक लक्षात ठेवला, तर आपल्या समाजाच्या नावाने निघणारा पैसा वस्तीपर्यंत का पोहोचत नाही आणि पोहोचला तर का टिकत नाही, हे बरेचसे समजते.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी दुखण्याचे मूळ जमिनीच्या तुकड्यांपेक्षा रिकाम्या हातांत आणि भांडवलाच्या टंचाईत आहे असे दाखवून औद्योगिकीकरणाचा मार्ग सांगितला होता. आपल्या वाडवडिलांनी हा मार्ग पायांनी चालून पाहिला. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून, विदर्भातून आपली माणसे रेल्वेच्या कामावर, गिरण्यांत आणि कारखान्यांत आली व कोळसेवाडी, वालधुनी, कोपरी, कळवा अशा ठिकाणी राहू लागली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. पाठोपाठ डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आली. मॅट्रिक नापास माणसालाही कायमची नोकरी, प्रॉव्हिडंट फंड आणि मुलाला त्याच कंपनीत चिकटविण्याची आशा, असे ते दिवस होते.

ते दिवस कसे गेले हे येथील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि लोकलने रोज परळ-भायखळ्याला जाणारी हजारो माणसे घरी बसली. ठाण्यातील रेमंडचा कारखाना २००९ मध्ये बंद झाला. आता त्या जमिनीवर उंच इमारती आहेत. त्याच वर्षी आंबिवली-मोहने येथील एनआरसी बंद पडली आणि तिच्या कामगारांना आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. डोंबिवलीत २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये झालेल्या भीषण स्फोटानंतर घातक कारखाने तेथून हलविण्याचे ठरले. माणसांच्या जिवासाठी ते हवेच. पण त्या कारखान्यांत कंत्राटावर असलेल्यांचे पुढे काय, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. कारखान्यांच्या जागी गृहसंकुले आली आणि त्यांत काम मिळाले ते सुरक्षारक्षकाचे, घरकामाचे, डिलिव्हरीचे. वस्ती तीच राहिली, पण तिच्या आसपासचा रोजगार निघून गेला.

म्हणून आता विचार करावयाचा तो वस्तीतल्या लोकांनी स्वतः उभ्या केलेल्या उद्योगाचा आणि त्याला मिळणाऱ्या सार्वजनिक पैशाचा.

हा पैसा कोठून येतो? केंद्रात १९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना सुरू झाली. लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेचा पैसा या घटकासाठी वेगळा ठेवावा, हे तिचे तत्त्व. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ११.८ टक्के आहे, म्हणजे साधारण तेवढा वाटा या नावाने निघाला पाहिजे. त्याआधी १९७८ साली राज्यात महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या आणि केंद्राच्या योजनांचे दारही आपल्याला उघडले. याशिवाय जिल्हा उद्योग केंद्र आहे, महिला आर्थिक विकास महामंडळ आहे आणि सर्वांत जवळची म्हणजे आपली महानगरपालिका आहे.

महामंडळाच्या बीजभांडवल योजनेचा हिशेब उदाहरणाने सांगतो, कारण बँकेत सर्वांत जास्त गैरसमज याच बाबतीत दिसतात. या योजनेची रूढ रचना अशी की प्रकल्पाच्या रकमेपैकी ७५ टक्के बँकेचे कर्ज, २० टक्के महामंडळाचा हिस्सा आणि ५ टक्के अर्जदाराचे स्वतःचे. समजा, कोणी २ लाख रुपयांचा शिवणकामाचा प्रकल्प मांडला. त्यात बँकेचे १ लाख ५० हजार, महामंडळाचे ४० हजार आणि स्वतःचे १० हजार. महामंडळाच्या ४० हजारांत पुष्कळ वर्षे १० हजार रुपये अनुदान आणि उरलेले ३० हजार ४ टक्के व्याजाचे कर्ज अशी विभागणी होती. (अनुदानाच्या मर्यादा मधून मधून बदलतात, अर्ज करण्यापूर्वी महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चालू आकडा विचारून घ्यावा.) म्हणजे २ लाखांपैकी खरोखर फुकटचे किती? दहा हजार. बाकी सर्व परत करावयाचे आहे.

आता काउंटरवर काय होते पाहा. एखादी भगिनी महामंडळाचे पत्र घेऊन येते आणि म्हणते, "साहेब, पैसे मंजूर झालेत, खात्यावर कधी पडणार?" तिला सांगावे लागते, "ताई, हे पत्र महामंडळाच्या हिश्श्याचं आहे. बँकेचं कर्ज अजून मंजूर व्हायचंय." तिचा चेहरा पडतो. तिला वाटते, एकाने दिले आणि दुसऱ्याने अडविले. खरी गोष्ट अशी की योजनेचा मोठा भार बँकेच्या कर्जावर आहे, आणि बँक त्या कर्जाकडे योजना म्हणून पाहत नाही, कर्ज म्हणूनच पाहते. ती जुने कर्जफेडीचे रेकॉर्ड पाहते, धंद्याची जागा पाहते, माल कोण घेणार हे विचारते. १० लाखांपर्यंतच्या सूक्ष्म उद्योगाच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१० पासूनचा नियम आहे. तो नियम अर्जदाराला माहीत असला तर बोलणे सरळ होते. तसेच अनेक योजनांत अनुदानाची रक्कम आधी हातात मिळत नाही. ती कर्जखात्याशी जोडून राखून ठेवतात आणि ठराविक काळ हप्ते नीट गेल्यावर कर्जात वळती करतात. ज्याने अनुदान हेच भांडवल समजून दुकान मांडले, तो पहिल्या तीन महिन्यांतच अडतो.

२०१६ साली सुरू झालेल्या स्टँड अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका महिला उद्योजकास १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यावे, असे ठरले होते. तिची मुदत २०२५ पर्यंत होती. स्वतःच्या २५ टक्के हिश्श्याची अट आपल्या तरुणांना जड जाते हे पाहून राज्याने २०१९ मध्ये अनुसूचित जाती व नवबौद्ध उद्योजकांसाठी त्यापैकी १५ टक्के भार स्वतः उचलण्याची योजना केली, म्हणजे अर्जदाराकडे १० टक्के राहिले. कल्पना चांगली होती. पण १० लाखांचे १० टक्के म्हणजे १ लाख, तेही रोख. चाळीतल्या घरातून एवढी रक्कम उभी करावयाची तर सोने मोडावे लागते. ज्याच्याकडे मोडण्यासारखे सोनेही नाही त्याच्यासाठी दुसरी वाट हवी, आणि ती वाट म्हणजे गट.

गट म्हणजे नेमके काय?

१ डिसेंबर १९९७ रोजी सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना सुरू झाली. त्या योजनेची कागदावरची रचना आजही वाचण्यासारखी आहे. शेजारच्या १० ते ४० घरांतील महिलांचा एक शेजार समूह, अशा समूहांची मिळून शेजार समिती आणि सर्वांवर शहराची नोंदणीकृत सामुदायिक विकास संस्था. लाभार्थी कोण, वस्तीत कोणते काम आधी करावयाचे, हे वरून ठरवावयाचे नाही, समूहाने ठरवावयाचे. कमीत कमी १० महिलांनी एकत्र येऊन उद्योग काढला तर प्रकल्पाच्या निम्म्या रकमेइतके, परंतु जास्तीत जास्त १ लाख २५ हजार रुपये अनुदान. नुसती बचत व कर्जवाटप करणाऱ्या गटाला सभासदामागे १ हजार, कमाल २५ हजारांचा फिरता निधी. एकट्या माणसाला मात्र ५० हजारांच्या प्रकल्पावर जास्तीत जास्त साडेसात हजार. एकट्यापेक्षा गटाला किती झुकते माप दिले होते हे या आकड्यांवरूनच दिसते.

ही कल्पना हवेतून आली नव्हती. केरळमध्ये आलप्पुळा येथे शेजार समूहांचा प्रयोग आधी झाला होता आणि त्यातूनच १९९८ साली कुटुंबश्री उभी राहिली. तेथे आजही हीच तीन पायऱ्यांची रचना आहे आणि तिची सांगड ग्रामपंचायत व नगरपालिकेशी घातलेली आहे. २०१७ साली कोची मेट्रो सुरू झाली तेव्हा तिच्या स्थानकांवरील तिकीट, स्वच्छता इत्यादी कामे कुटुंबश्रीच्या महिलांना मिळाली. हे एका दिवसात घडले नाही. वीस वर्षे ज्या संस्थेची सभा नियमित भरत होती, तिच्याकडे काम आले.

आपल्याकडे काय झाले? समूह संघटिका वस्तीत येऊन यादी करून गेली की पंधरा दिवसांत गट तयार झाला. अनुदान आले, त्यातून मसाला कांडप यंत्र आले, वाटणी झाली आणि गट संपला. सर्वत्र असेच झाले असे मी म्हणत नाही. चांगले चाललेले गट ठाण्यात आहेत, कल्याणमध्येही आहेत. पण जे टिकले त्यांच्यात एक गोष्ट समान दिसते. ते अनुदानाच्या आधीपासून बचत करीत होते.

नाबार्डने १९९२ साली गट आणि बँक जोडण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, त्याचे मर्म हेच होते. गटाने आधी सहा महिने स्वतःच्या पैशावर उभे राहावयाचे : नियमित सभा, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर फेड आणि लिहिलेली वही. मग बँक त्याच्या बचतीच्या प्रमाणात, सुरुवातीला बरोबरीने आणि पुढे चौपटीपर्यंत, कर्ज देणार. बारा महिलांनी दरमहा २०० रुपये टाकले तर वर्षाला २८ हजार ८०० रुपये होतात. त्याची चौपट १ लाख १५ हजार २००. एवढ्या रकमेत पोळी-भाजी केंद्र सुरू होते, दोन-तीन शिलाई यंत्रे येतात. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन व्यवसायात आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. आपल्या किती गटांनी नफ्याची वाटणी या प्रमाणात केली आहे?

२०१३ पासून सुवर्णजयंतीची जागा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घेतली आणि ते २०२४ पर्यंत चालले. त्यात गटाला १० हजार रुपये फिरता निधी, वस्तीस्तर संघाला ५० हजार, व्यक्तीला २ लाखांपर्यंत आणि गटाला १० लाखांपर्यंत कर्ज मिळत असे. ७ टक्क्यांवरील व्याज शासन भरीत असे आणि वेळेवर फेडणाऱ्या महिला गटांना आणखी ३ टक्के सूट होती. म्हणजे अनुदानाऐवजी व्याजात सवलत असे योजनेचे रूप पालटले. हा बदल मला योग्य वाटतो. रोख अनुदान घेऊन गट मोडण्यात फायदा असतो, पण व्याजाची सवलत गट चालू राहिला तरच मिळते.

येथे विद्यार्थी वाचकांसाठी एक खुलासा. आज वस्त्यांत दर आठवड्याला हप्ता गोळा करावयास येणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्याही महिलांचे गट करतात आणि आपल्या आया-बहिणी त्यांनाही बचत गटच म्हणतात. त्यात बचत नसते. पाच-दहा जणी एकमेकींना जामीन राहतात, एवढाच तो गट. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहतात आणि शेजार तुटतो. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी आईची सर्व कर्जकार्डे एका रविवारी समोर ठेवून ही बेरीज एकदा करून पाहावी.

गटाच्या जोडीला सहकारी संस्थेचाही मार्ग राज्याने २००४ पासून दिला. मागासवर्गीयांच्या औद्योगिक सहकारी संस्थेने ५ टक्के भागभांडवल जमवावे, शासनाने ३५ टक्के भागभांडवल व ३५ टक्के दीर्घ मुदतीचे कर्ज द्यावे आणि २५ टक्के वित्तसंस्थेने द्यावे, अशी ती रचना. कागदावर याहून उदार योजना क्वचितच असेल. तरीही अनेक संस्था शेड आणि यंत्रांपाशीच थांबल्या. माझ्या मते दोष उदारपणातच होता. ज्या संस्थेत सभासदांचे फक्त ५ टक्के आहेत, तिच्या सभेला कोण कशाला येईल? ती चार पुढाऱ्यांची होते आणि बाकी सभासद सहीपुरते उरतात. वर, तयार होणारा माल कोण विकत घेणार, याचे उत्तर योजनेत नव्हतेच.

आणि हाच माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. कर्ज मिळविण्यासाठी आपण जेवढी शक्ती खर्च करतो, तेवढी काम मिळविण्यासाठी करीत नाही. शासन आणि महापालिका हे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे. शाळेचे जेवण, अंगणवाडीचा आहार, गणवेश, कचरा, बागा, कार्यालयातील चहा-नाश्ता यांवर दरवर्षी मोठा सार्वजनिक पैसा जातो. महाविजिताच्या पुरोहिताने सांगितलेले अन्न व वेतन ते हेच.

सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात अंगणवाडीच्या आहाराचा पुरवठा ठेकेदारांकडून घेऊ नये. तो स्थानिक समूह, बचत गट आणि महिला मंडळे यांच्यामार्फत व्हावा, असे सांगितले. यावर राज्यात काय झाले? निविदेच्या अटी अशा ठेवल्या गेल्या की उलाढाल व यंत्रसामग्री असलेल्या मोठ्या संस्थाच पात्र ठराव्यात. काही महिला गट न्यायालयात गेले. वैष्णोराणी महिला बचत गटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या निविदा रद्द ठरविल्या. आपल्या भगिनींनी हे प्रकरण लक्षात ठेवावे. बचत गटाच्या नावाखाली ठेकेदार येऊ शकतो हे जसे त्यातून दिसते, तसेच साध्या महिला गटाला दिल्लीपर्यंत दाद मागता येते हेही दिसते.

पुण्यातील उदाहरण आणखी जवळचे आहे. रस्त्यावरचा कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. या बायका बहुसंख्येने दलित समाजातील. आधी संघटना, मग पालिकेकडून ओळखपत्रे, आणि पुढे २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेशी करार होऊन 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करू लागली. प्रत्येक घर महिन्याला ठराविक शुल्क थेट त्यांना देते, पालिका साहित्य व व्यवस्थापनाचा काही खर्च करते आणि विकण्याजोगा माल त्यांचाच राहतो. पालिकेने काम ठेकेदाराला द्यावे असे प्रयत्न पुण्यातही पुन्हा पुन्हा झाले. संघटना होती म्हणून संस्था टिकली. हे काम जातीने लादलेलेच आहे, त्याची सहकारी संस्था करून काय साधले, असा प्रश्न आपल्यातील काही जण विचारतात. प्रश्न योग्य आहे. घाणीची कामे सोडा हा बाबासाहेबांचा आग्रह होता, आणि या बायकांच्या मुलामुलींनी तेच काम करू नये हे खरेच. पण ज्या बाईला आज पर्याय नाही तिला ठेकेदाराकडे रोजावर जाण्यापेक्षा मालक म्हणून, ओळखपत्रासह, ठरल्या शुल्कात काम मिळणे केव्हाही बरे.

ठाणे महापालिका १९८२ साली आणि कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ साली अस्तित्वात आली. महापालिकांच्या अंदाजपत्रकात मागासवर्गीय व दुर्बल घटकांसाठी आणि महिला व बालकल्याणासाठी प्रत्येकी ५ टक्के निधी राखून ठेवावा, असा शासनाचा दंडक आहे. पूर्वी या निधीतून शिलाई यंत्रे, घरघंट्या खरेदी होऊन समारंभात वाटल्या जात. डिसेंबर २०१६ च्या शासननिर्णयानंतर वस्तूऐवजी पैसा थेट खात्यावर, ही पद्धत आली. खरेदीतला घोटाळा कमी झाला. पण आता लाभार्थीने यंत्र आधी स्वतः विकत घ्यावे, पावती द्यावी आणि मग पैसे मिळवावेत, असा क्रम झाला. ज्या विधवा भगिनीसाठी योजना आहे, तिने आधीचे दहा-बारा हजार कोठून आणावेत? सावकाराकडून तीन महिन्यांसाठी काढले तर अनुदानातला लचका व्याजातच जातो. येथे बचत गट किंवा आपल्यासारखी संस्था उपयोगी पडू शकते : खरेदीपुरती बिनव्याजी उचल द्यावी आणि अनुदान जमा होताच परत घ्यावी. फार मोठा निधी लागत नाही. दोन लाख रुपये फिरते ठेवले तर वर्षाला कित्येक घरांचे काम होईल.

फेरीवाल्यांची अडचण निराळी. जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी सुरू झाली आणि १० हजारांचे पहिले कर्ज मिळू लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये योजना २०३० पर्यंत वाढवून पहिला टप्पा १५ हजार, दुसरा २५ हजार आणि तिसरा ५० हजार केला. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयाप्रमाणे रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत धंदा करता येत नाही, आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीत गिऱ्हाईक असते ते नेमके त्याच १५० मीटरमध्ये. एक खाते कर्ज देते आणि दुसरे हातगाडी उचलते. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात शहर विक्रेता समिती आहे, तिच्यात फेरीवाल्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असतात आणि अनुसूचित जातींना व महिलांना प्रतिनिधित्व देण्याची तरतूद आहे. जागा कोठे आखावयाच्या हे त्या समितीत ठरते. म्हणून कर्जाच्या अर्जाइतकेच तिच्या निवडणुकीकडे लक्ष द्यावे.

वरचा पैसाही सुरक्षित नाही. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे चारशे कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळविण्यात आले, तेव्हा त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. लाभ घेणाऱ्यांत आपल्याही बहिणी आहेत, हे म्हणणे खोटे नाही. पण दरमहा हातात येणारी रक्कम आणि उद्योगाचे भांडवल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीसाठी दुसरी मोडली की बियाणेच खाल्ले जाते. आंध्र प्रदेश व कर्नाटक यांनी २०१३ साली हा निधी कायद्याने बांधून घेतला. महाराष्ट्रात तसा कायदा व्हावा ही मागणी बरीच जुनी आहे आणि निवडणुकीच्या काळात उमेदवारांना विचारण्याजोगी आहे.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण निम्मे अर्ज तेथेच परत येतात. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आपले कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वी महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा लागतो. आपल्यापैकी बहुतेकांचा तो पुरावा कल्याणात किंवा ठाण्यात नाही. तो रत्नागिरी, सातारा, जालना, अकोला येथील गावच्या शाळेत किंवा तहसील कचेरीत आहे. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, नाहीतर जन्म-मृत्यूची कोतवाल बुकातील नोंद, म्हणजे गाव नमुना नंबर १४, यांपैकी काहीतरी मिळविता येते. केंद्राच्या योजनेसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढावा. शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असेल तर वडिलांच्या किंवा आजोबांच्या जुन्या दाखल्यावरील जातीची नोंद सोबत जोडावी लागते. ही दप्तरे जुनी आहेत, पाने सुटत चालली आहेत. ज्यांचे उतारे अजून काढलेले नाहीत त्यांनी येत्या मे महिन्यात गावी जाल तेव्हा मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन दोन साक्षांकित प्रती आणाव्यात आणि एक प्रत संस्थेच्या कार्यालयात ठेवावी.